अण्णांनी नेलेली प्रत

मुकुंदा, तुझ्या अण्णांनी तुझं पुस्तक वाचलं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं, आणि आईचं प्रकरण दोनदा. हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. तू माझ्या टेबलासमोर उभा राहून निदान वीस वेळा विचारलंस आणि वीसही वेळा मी तुला म्हणाले, "मला काय माहीत?"

काल तुझा तेरावा झाला. आज आपल्या मराठी वाचनालयाला सुट्टी, पण मी दुपारीच येऊन कुलूप काढलं आणि बसले. घरी राहिले असते तर भांडी घासत बसले असते. मला राग आला की मी घासलेली भांडी पुन्हा घासते, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. राग कुणाचा, ते सांगते. आधी माझा स्वतःचा, मग अण्णांचा. तुझाही थोडा आहे, पण तुझी पाळी नंतर.

काल जेवायला आलेले लोक "फार सोसलं बिचाऱ्याने" असं म्हणत होते. तू ऐकलं असतंस तर पानावरून उठला असतास. तू तर पुस्तकात स्वच्छ लिहिलंयस की सोसलं ते इतरांनी, तू फक्त घेत गेलास.

मला आठवतोस तो नवी नोकरी लागल्यावर मला दाखवायला आलेला. औषधांची मुंबईची कंपनी, काळी चामड्याची बॅग, कमरेला पेजर आणि ऐन मे महिन्यात गळ्यात टाय. देशात रोज नवी कंपनी उघडत होती, टीव्हीवर दर महिन्याला चार चॅनेल वाढत होते, आणि तू नारायणगुड्याच्या चौकात मोटारसायकल उभी करून असा बोलत होतास जणू शहरातले सगळे डॉक्टर तुझ्या खिशात आहेत. "शालू, सरकारी खुर्चीला चिकटून बसायचे दिवस गेले बघ," म्हणालास. हा टोमणा अण्णांना होता. ते रेल्वेच्या ऑफिसात होते, वडील गेल्यावर त्यांनीच त्या पगारावर तुला शिकवलं होतं, आणि तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे असल्यामुळे तू त्यांना भाऊ कमी आणि बाप जास्त समजायचास. बापाला टोमणे मारायचे असतात, त्याचं मन राखायचं नसतं, अशी तुझी समजूत होती.

त्या बॅगेत दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनांचे नमुने असायचे. मोटारसायकलवरून पडून पाठ दुखावली म्हणून पहिलं घेतलंस. पुढे पाठ दुखायची थांबली, पण तू थांबला नाहीस. ते सगळं तू माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंयस, मी परत सांगत बसत नाही.

आणि मग त्यातून सुटलास. सुटलास आणि मलकपेठेत एका ओळखीच्याच्या एसटीडी बूथवर बसायला लागलास. लोक काचेच्या खोक्यात शिरून दूरच्या माणसांशी ओरडून बोलायचे, आणि तू बाहेर बसून पाठकोऱ्या कागदांवर लिहायचास. ते कागद मला आणून द्यायचास आणि मी सुवाच्य अक्षरात प्रत करायची. तुझं अक्षर कुठल्याही डॉक्टरला लाजवेल असं होतं. "संगतीचा परिणाम," म्हणायचास.

आईचं प्रकरण उतरवून घेताना मात्र मी थांबले. शेवटच्या महिन्यात आईंना दुखणं सहन होत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी घरी इंजेक्शनं दिली होती, रोज दोन. तू त्यातलं औषध काढून घेतलंस आणि जागी पाणी भरून ठेवलंस. चार दिवस अण्णा आपल्या हाताने आईला पाणी टोचत होते आणि ती का कण्हते ते त्यांना कळत नव्हतं. पाचव्या दिवशी कळलं. भर दुपारी त्यांनी तुला घराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तू लिहिलंस: "मी पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून होतो. दार उघडलं नाही. त्या पायरीवर बसून मी ठरवलं की हे सोडायचं, आणि तिथून उठलो तो सरळ दवाखान्यात गेलो."

मी तुला म्हणाले, हे प्रकरण काढ. बाकीचं सगळं ठेव, पण अण्णा आहेत तोवर हे नको. वहिनी काय म्हणतील, ऑफिसातले लोक काय म्हणतील. तू इतका शांतपणे बोललास की मला भीती वाटली. "शालू, हे अण्णासाठीच लिहिलंय मी. बाकीचं पुस्तक त्याच्यापर्यंत जायसाठी आहे. तोंडानं बोलायला गेलो तर तो दार उघडायचा नाही. वाचील तरी."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हे पुस्तक एका वाचकासाठी आहे.

पुस्तक निघालं. 'पूर्ण बाह्यांचा शर्ट'. औरंगाबादहून छापून दोन गठ्ठे आले, एक तुझ्या बूथवर खुर्चीखाली राहिला आणि त्यातली एक प्रत मी वाचनालयात नोंदवली. लगेच समितीची बैठक. एकजण म्हणाले, असली पुस्तकं कशाला. दुसरे म्हणाले, लेखक आपलाच आहे, नाही तरी कसं म्हणायचं. शेवटी ठरलं की पुस्तक ठेवावं, पण दर्शनी कपाटात ठेवू नये. मी ते पाकशास्त्राच्या पुस्तकांमागे ठेवलं. तुला मी याचं कारण वेगळं सांगितलं होतं, दर्शनी कपाटाला वाळवी लागली म्हणून. वाळवी नव्हती.

आपल्या वाचनालयाची ती जुनी पद्धत तुझ्या मुळावर आली. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर पुस्तक नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने नाव आणि तारीख लिहायची. आपले लोक पुस्तक हातात घेतलं की आधी तो कागद बघतात. आपल्याआधी कुणी नेलं होतं ते पाहून मग ठरवतात न्यायचं की नाही. मग नशेच्या पुस्तकाखाली आपलं नाव कोण लिहिणार? घरात लग्नाच्या मुली, नोकरीच्या शोधातले मुलगे. आज नाव लिहिलं की उद्या तारनाक्यापर्यंत चर्चा, यांच्या घरी कुणाला आहे हो ते?

पहिल्यांदा एक बाई आल्या. माझ्याकडे न बघता, रजिस्टरकडे बघत म्हणाल्या, "शालिनीताई, ते मुकुंदचं... नाव न लिहिता मिळेल का?" वाचनालयात नियम मोडलेला मला खपत नाही, तुला माहीत आहे. पण मी दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि म्हणाले, माझ्याकडून कुणाला कळणार नाही. त्यानंतर दुसरं कुणी आलं, तिसरं आलं. सहा महिन्यांत पुस्तकाची शिवण सुटली. मी दोनदा खळ लावून वजनाखाली ठेवलं. एका पानावर हळदीचं बोट उमटलं होतं, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. आणि शेवटचा कागद कोरा.

तू दर गुरुवारी यायचास आणि आधी शेवटचं पान उघडायचास. असंच एका खेपेला तू माझ्यापुढे पुस्तक धरून म्हणालास, "पान दुमडलंय, हळद सांडलीय, शिवण सुटलीय, आणि नाव एकाचं बी नाही. झुरळांनी वाचलं काय गं?"

"माणसांनीच वाचलंय," मी म्हणाले. "नावं सांगणार नाही."

"काय म्हणाले ते तरी सांग."

ते मी सांगितलं. नावं गाळून सांगितलं. एकजण म्हणाल्या, रडू आलं नाही हो, पण दोन दिवस स्वयंपाकात लक्ष लागेना. एकांनी फक्त एवढंच विचारलं, की त्यातले ते डॉक्टर म्हणजे नक्की कोण. एक गृहस्थ चिडले होते, मराठी माणसाने इथल्या तेलुगू लोकांत आपली अशी लाज काढावी का म्हणून. ते चिडूनही तीन आठवडे पुस्तक ठेवून बसले, हे मी तुला मुद्दाम सांगितलं. एकांना ते आपल्या मुलांना द्यायचं होतं, पण पोरांना मराठी धड वाचता येत नाही. मग रोज संध्याकाळी जेवायच्या आधी ते स्वतः वाचून दाखवायचे, अडेल तिथे इंग्रजी करून. आणि पुस्तक परत द्यायला आलेली एक आई पिशवीचे बंद हातात पिळत माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सुटतं का हो हे खरंच?" मी म्हणाले, सुटतं, तो मलकपेठेत बूथवर बसतो, जाऊन बघून या. ती म्हणाली, त्यांना माझा निरोप सांगा. मग म्हणाली, नको, काही सांगू नका.

हे सगळं तू तोंड उघडं ठेवून ऐकलंस. तुला बाहेरगावची पत्रंही येत होती, परभणीकडच्या एका मास्तरांचं तर सहा पानी. पण त्यावर तू म्हणायचास, "लांबच्यांना वाचायला काय जातंय? इथल्यांचं खरं." आणि इथल्यांचं ऐकून झाल्यावर हमखास पुढचा प्रश्न.

"सगळ्यांची नावं नको सांगू. एकाचं सांग. अण्णा आला होता का?"

"मला काय माहीत?"

पहिले काही महिने ते खरं होतं. मग अण्णा आले.

दारं लावायच्या वेळी आले, ऑफिसातून परस्पर. आधी गीतेवरचं एक पुस्तक मागितलं, ते चाळलं, ठेवलं. मग म्हणाले, "ते आहे का?"

"कोणतं?"

"अगं ते. त्याचं."

तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी पाकशास्त्राच्या मागून काढून दिलं. त्यांनी ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तळाला घातलं, वर डबा ठेवला, आणि दारापर्यंत जाऊन परत आले. "त्याला सांगू नकोस."

"नाही सांगणार, अण्णा."

दोन महिने पुस्तक त्यांच्याकडे होतं. तीन जण मागून गेले, त्यांना मी बांधायला टाकलंय असं सांगितलं. तू आलास तेव्हा कपाटात नाही म्हटल्यावर तुझे डोळे चमकले. "कुणी नेलंय?" बांधायला टाकलंय. "आत्ताच तर चिकटवलं होतंस." परत सुटलं. ती वाळवी सोडली तर तुझ्यासमोर इतकं सरळ खोटं मी त्याआधी बोलले नव्हते.

मग त्यांनी आणून दिलं. समोरच्या खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सगळं वाचलो, आईचं दोनदा. शालिनी, त्यानं पायरीचं चूक लिहिलंय."

मला वाटलं, आता भांडण. पण ते खाली बघून बोलत राहिले. "संध्याकाळपर्यंत बसला नव्हता तो. मी दार लावलो, आईपाशी गेलो, आणि दहा मिनटांत परत येऊन दार उघडलो. पायरीवर कुणी नव्हतं. मी तसाच अनवाणी रेसकोर्सच्या भिंतीपर्यंत गेलो. नावानं हाका मारलो रस्त्यात. लोक बघायले होते. नंतर दोन दिवस दाराची कडी लावली नाही आम्ही, तुझ्या वहिनीला विचार. आणि ह्यानं लिहिलंय, दार उघडलं नाही."

"मग त्याला सांगा ना, अण्णा."

"आता काय सांगू? छापून झालं. लोकांना तो म्हणतो तेच खरं." ते उठले. "तू पण ह्यातलं काही बोलू नकोस त्याला. बरं का?" पायऱ्या उतरताना वळून तिसऱ्यांदा म्हणाले, "शालिनी, बोलू नकोस हं."

आणि मी बोलले नाही. तोंडातून ब्र काढला नाही. मला त्याचा अभिमान होता, मुकुंदा, तो तुझ्यापासून कशाला लपवू? इतक्या घरांच्या गोष्टी माझ्या पोटात आहेत आणि एकही बाहेर आली नाही, म्हणून तर लोक माझ्याकडे येतात, असं मी मनातल्या मनात मिरवत होते. शब्द दिला म्हणजे दिला.

पण एवढंच कारण होतं असं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. मी घाबरले होते. त्या पायरीवर तू संध्याकाळपर्यंत बसलास, तिथे ठरवलंस आणि सरळ दवाखान्यात गेलास, यावर तू सहा वर्षं उभा होतास. लोकांना हेच सांगायचास, स्वतःलाही हेच. आणि अण्णा म्हणत होते की दहा मिनिटांत पायरी रिकामी होती. मग तू गेलास कुठे, दवाखान्यात की आणखी कुठे? त्या अवस्थेत तुला दहा मिनिटं आणि पाच तास यातला फरक कळत होता का? मी तुला सांगितलं असतं की अण्णांनी दार उघडलं होतं, तर त्याच तोंडाने हेही सांगावं लागलं असतं की तू तिथे नव्हतास. तुझ्या पायाखालची पायरी काढून घ्यायला माझा हात धजला नाही. आता वाटतं, तू मी समजत होते त्यापेक्षा घट्ट माणूस होतास. तू म्हणाला असतास, "असेल बाई, मला काय शुद्ध होती?" आणि उठून अण्णांकडे गेला असतास.

आता तुझी पाळी. तू का गेला नाहीस? बूथपासून अण्णांचं घर चालत सात मिनिटं. मी चालून पाहिलंय. दीडशे पानं लिहिलीस, छापलीस, वाचनालयात ठेवलीस, मला दर गुरुवारी पिडलंस, पण सात मिनिटं चालला नाहीस. "आधी तो काही तरी बोलू दे," म्हणायचास. तुम्ही दोघं भाऊ सारखेच. एकाने पुस्तक लिहून निरोप पाठवायचा आणि दुसऱ्याने डब्याखाली लपवून तो वाचायचा.

आणि बाहीवरून आपलं भांडण झालं, त्यात चूक माझी होती. हे मी तू जिवंत असताना म्हणायला हवं होतं. मागच्या उन्हाळ्यात तू वाळत चालला होतास, डोळे पिवळे, भर उन्हात पूर्ण बाह्या आणि मनगटाशी बटण. माझ्या मनात भलतंच आलं. टेबलाशी चार वाचक उभे असताना मी म्हणाले, "बाही वर कर."

तू आधी हसलास. मग माझा चेहरा बघून तुझा चेहरा पडला. तू दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्यास, हात टेबलावर पालथे ठेवलेस, मग उताणे केलेस. जुने व्रण, दुसरं काही नाही. "तपासून झालं असेल तर रजिस्टरात लिही," म्हणालास, "लिहायचीच सवय आहे ना तुला. बाकी सगळ्यांची नावं लपवतीस, माझे हात मात्र चार लोकांत बघतीस." आणि गेलास. तीन गुरुवार आला नाहीस. चौथ्या गुरुवारी आलास तेव्हा मी चहा मागवला आणि तू तो प्यायलास, आणि माफी मागायची राहून गेली. जुन्या सुयांनी यकृत केव्हाच खाल्लं होतं, हे आपल्याला महिन्याभराने कळलं. सगळ्यांना तुझ्यावर विश्वास ठेवा म्हणून सांगणारी मी, आणि वेळ आली तेव्हा मीच तुझ्या बाह्या वर करायला लावल्या. माझं चुकलं, मुकुंदा.

दवाखान्यात मी आले ती ठरवून आले होते. तुझ्या बायकोचा, ललिताचा, फोन आला की जास्त झालंय, आणि बसमध्ये मी सगळी वाक्यं जुळवत आले. अण्णांना दिलेला शब्द मोडायचा. पायरीचं जे होईल ते होईल. ललिता तुझे केस विंचरत होती. तुझ्या पुस्तकातलं एक अक्षर तिला वाचता येत नाही, तेलुगूशिवाय तिला दुसरी लिपी येत नाही, पण उशाशी तिने ते पुस्तक ठेवलं होतं. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, डॉक्टर बोलरे आज थोडा अच्छा है." खरंच तू जरा बरा दिसत होतास. मला बघून म्हणालास, "मास्तरीण, कागद कोराच आहे का अजून?"

तोंडाशी आलं होतं माझ्या. आणि त्याच क्षणी मला वाटलं, ज्याला काही विचारायचं बाकी आहे तो माणूस धरून राहतो. आत्ता सांगितलं तर सगळं ऐकून समाधानाने डोळे मिटेल. नाही सांगितलं तर ऐकण्यासाठी म्हणून तरी उठेल. मी म्हणाले, "घरी ये आधी. स्वतःच्या पायाने वाचनालयात ये. मग सांगते."

तुझे डोळे मोठे झाले. "म्हणजे आहे काही तरी."

"ये तर खरं."

"लई दुष्ट आहेस तू शालू."

ललिताने विचारलं, "क्या हुआ?" तू तिला म्हणालास, "कुछ नै. टीचरम्मा परीक्षा लेरी." आणि हसलास. खूप दिवसांनी हसलास. ते हसू बघून मला वाटलं, बरोबर केलं आपण. बसमध्ये परत जाताना मी अगदी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ललिताचा फोन आला.

अण्णांनीच सगळं केलं, अग्नीपासून तेराव्यापर्यंत. तुझ्या भाड्याच्या खोलीत नाही, आपल्या घरी, हट्टाने. ललिताला त्यांनी तेराही दिवस तिथेच ठेवून घेतलं. लोक म्हणाले, शेवटी रक्ताचं नातं. मी पानं वाढत होते आणि मनात म्हणत होते, आता कशाला?

काल पंगत उठल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं. ते पायरीवर बसले होते, मी कठड्याला टेकून उभी राहिले. ऊन कलत होतं. मग म्हणाले, "तू भेटलीस ना त्याला शेवटी?"

"हो. तीन दिवस आधी."

"मग? काय म्हणला?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? त्या पायरीबद्दल. मी दार उघडलो होतो त्याबद्दल."

मला आधी कळेचना. "अण्णा, मी त्याला ते सांगितलंच नाही. तुम्ही नको म्हणाला होतात. तीनदा."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. एवढं साधं न कळणारी ही कोण, अशा नजरेने बघत होते. "अगं शालिनी," म्हणाले, "त्याला कळू द्यायचंच नसतं तर मी तुझ्याकडं येऊन बोललो असतो का? गप्प बसलो असतो की घरी. तुझं त्याचं दर गुरुवारचं बोलणं मला माहीत नव्हतं का? माझ्या तोंडातून निघेना म्हणून तर तुझ्याकडं आलो. सांगू नको म्हणलं की माणूस सांगतोच. सगळे सांगतात."

सगळे सांगतात. इथे आपल्या लोकांत "कुणाला सांगू नका" म्हणूनच निरोप धाडतात. चाळीस वर्षं मी या लोकांत राहते, आणि एवढं मला कळू नये.

"मी वाट बघत होतो," अण्णा म्हणाले. "वाटलं, आज येईल, उद्या येईल. ऑफिसातून आल्यावर इथंच बसायचो. नाही आला. मग म्हणलं, ऐकून बी आला नाही, म्हणजे राग एवढा आहे. एवढं झाल्यावर दवाखान्यात तोंड घेऊन कसा जाऊ? ललिता दोनदा बोलवायला आली, नाही गेलो."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांना काही तरी गोड सांगता आलं असतं, की शेवटच्या भेटीत सांगितलं, तो हसला, अण्णांना नमस्कार सांग म्हणाला. तू काही मला खोटं पाडायला येणार नव्हतास. पण दीड वर्ष खोटं बोलून काय झालं ते दोघांनाही दिसत होतं. मी म्हणाले, "त्याने ऐकलंच नाही, अण्णा. तो दर आठवड्याला येऊन एकच विचारायचा, अण्णाने वाचलं का. मी म्हणायचे, मला काय माहीत."

"म्हणजे माझ्यावर रागात नव्हता तो."

"नाही. तो तुमच्याच बोलण्याची वाट बघत होता."

अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले आणि "बरं, बरं," म्हणाले. तू रागात नव्हतास, एवढ्याने त्यांना खरंच बरं वाटलं, मी तोंडावर बघितलं. आणि मग ते रडायला लागले, सत्तावन्न वर्षांचा माणूस, आत जेवायला आलेली माणसं असताना, आवाज न आवरता. वहिनी धावत आल्या, ललिता आली, सगळ्यांना वाटलं भावासाठी रडतायत, आणि ते खोटं नव्हतं.

मुकुंदा, अण्णा तुझ्यासाठी अनवाणी धावले होते आणि तू त्यांच्यासाठी दीडशे पानं लिहिली होतीस. उशीर तुम्हा दोघांनी केला नाही. मी केला.